पक्षी आणि झाडे मोजली. आता त्यांचे गुणधर्मही मोजावेत, आणि ती माहिती खुली ठेवावी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडू लागली की आपल्या नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर या पाणथळ अभयारण्यातील पक्षीगणनेचे आकडे आपल्या दैनिकात नियमाने छापून येतात. वन विभागाचे कर्मचारी, स्थानिक मार्गदर्शक आणि पक्षीमित्र चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडी, कोठुरे, कुरुडगाव, काथरगाव या ठिकाणी भल्या सकाळी उभे राहून गणना करतात, एकूण पक्षी किती आणि जाती किती हे जाहीर होते, मागच्या वेळेपेक्षा आकडा वाढला की घटला याची चर्चा होते आणि विषय तिथेच थांबतो. या मोजणीमागचे कष्ट मोठे आहेत आणि इतक्या सातत्याने जमा होणारी नोंद ही जिल्ह्याची मोलाची ठेव आहे. मात्र या आकड्यांतून जे समजू शकते त्याचा अगदी लहानसा भाग आपण आज समजून घेतो. उरलेले समजून घेण्याचे साधन जगभरातील शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन विनामूल्य खुले करून ठेवले आहे. त्याकडे वाचकांचे आणि संबंधित यंत्रणांचे लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

समजा, दोन वेगवेगळ्या वर्षांच्या डिसेंबरमध्ये अभयारण्यात जातींची संख्या सारखीच आणि पक्ष्यांची एकूण संख्याही सारखीच भरली. पहिल्या वर्षी त्यांत ओल्या चिखलात चोच खुपसून किडे टिपणारे पाणटिवळे, तुतवार आणि टिलवे पुष्कळ होते. दुसऱ्या वर्षी त्यांची जागा गायबगळे, वारकरी आणि जांभळ्या पाणकोंबड्यांनी घेतली. बातमीत दोन्ही वर्षांचा आकडा एकच दिसेल, पण पाणथळ तीच राहिलेली नसेल. पहिल्या वर्षी पाण्याच्या कडेने उघडा चिखल होता. दुसऱ्या वर्षी एकतर पाण्याची पातळी वाढलेली असेल किंवा काठ वनस्पतींनी झाकून गेले असतील. गावात माणसे किती राहतात हे खानेसुमारीने कळते, पण त्यांतले कोण शेती करतो, कोण सुतारकाम करतो आणि कोण कामासाठी बाहेर जातो हे विचारल्याशिवाय गाव समजत नाही. पक्षीगणनेचे नेमके तसेच आहे. कोणता पक्षी तिथे काय करतो, कशाच्या बळावर जगतो, हे त्याच्या नावापुढे लिहिले गेले पाहिजे.

हे लिहायचे म्हणजे त्या जातीचे गुणधर्म लिहायचे. परिस्थितिकीशास्त्रात गुणधर्म म्हणजे सजीवाच्या शरीराचे किंवा वागण्याचे असे मोजता येणारे वैशिष्ट्य, की ज्याचा त्याच्या जगण्याशी, वाढीशी किंवा प्रजननाशी थेट संबंध आहे. पक्ष्यांच्या बाबतीत चोचीची लांबी, रुंदी आणि खोली, नडगीची लांबी, पंखाची लांबी, शेपटी, वजन, आहार. वनस्पतींच्या बाबतीत उंची, पानाचे क्षेत्रफळ, पानाची जाडी, लाकडाची घनता, बीचे वजन, फळ मांसल की कोरडे. शेकाट्या ज्या पाण्यात सहज उभा राहतो त्या पाण्यात टिलवा उभा राहू शकत नाही, हे काठावरून दुर्बिणीने पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. हीच गोष्ट मोजमापाच्या रूपाने, प्रत्येक जातीसाठी, सर्वांना वापरता येईल अशा तक्त्यात आली की मग सबंध समुदायाबद्दल, म्हणजे एका ठिकाणी एकत्र राहणाऱ्या सगळ्या जातींबद्दल, हिशेबाने बोलता येते.

असे तक्ते आता उपलब्ध आहेत. जगातील पक्ष्यांच्या मोजमापांचा ‘ॲव्होनेट’ हा संग्रह २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ११,००९ जातींच्या ९०,०२० पक्ष्यांची मोजमापे आहेत. त्यांतली बरीचशी वस्तुसंग्रहालयांत जपलेल्या नमुन्यांवरून घेतलेली आहेत. सस्तन प्राण्यांसाठी ‘पॅनथेरिया’ हा संग्रह २००९ पासून आणि पक्षी व सस्तन प्राण्यांच्या आहारासाठी ‘एल्टनट्रेट्स’ २०१४ पासून खुला आहे. वनस्पतींसाठी जर्मनीतील येना येथील माक्स प्लांक जैवभूरसायन संस्थेत ‘ट्राय’ नावाचा संग्रह २००७ मध्ये सुरू झाला. आरंभी त्यातली माहिती हवी असेल तर ज्यांनी ती दिली त्यांची परवानगी घ्यावी लागे. २०१९ पासून श्रेय देण्याच्या एवढ्याच अटीवर तिचा मोठा भाग सर्वांसाठी मोकळा झाला, आणि तेव्हा त्यात सुमारे २ लाख ८० हजार वनस्पतींच्या १ कोटी १८ लाखांच्या आसपास नोंदी होत्या. शेकडो संशोधकांनी आयुष्यभर जमवलेली मोजमापे आपल्या कपाटातून काढून सामाईक ठिकाणी ठेवली म्हणून हे घडले. विज्ञानाच्या इतिहासात मला ही गोष्ट एखाद्या मोठ्या शोधाइतकीच महत्त्वाची वाटते.

या माहितीचा उपयोग कसा होतो हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण ‘जगाचा तक्ता आपल्या काय कामाचा’ असा प्रश्न साहजिकच येईल. समुदायाचा अभ्यास करणाऱ्यापुढे तीन तक्ते असतात. पहिल्यात कोणत्या ठिकाणी कोणती जात किती आढळली. दुसऱ्यात त्या ठिकाणची परिस्थिती, म्हणजे पाण्याची खोली, पाऊस, माती, पानवेलींनी (जलपर्णीसारख्या तरंगत्या पाणवनस्पतींनी) व्यापलेला भाग. तिसऱ्यात प्रत्येक जातीचे गुणधर्म. पहिले दोन स्थानिक माणसांनाच तयार करावे लागतात, तिसरा मात्र बराचसा सामाईक संग्रहातून घेता येतो. मग या तिन्हींवरून चौथा तक्ता काढायचा असतो: कोणत्या परिस्थितीत कोणते गुणधर्म टिकतात आणि कोणते गळून पडतात. संख्याशास्त्रात याला ‘चौथ्या कोपऱ्याचा प्रश्न’ म्हणतात. फ्रेंच पॉलिनेशियातील मूरेआ बेटाजवळच्या प्रवाळभित्तीवरील माशांचा अभ्यास करताना १९९७ मध्ये तो नीट मांडला गेला आणि त्याचे उत्तर काढण्याची रीतही दिली गेली. प्रवाळातील माशांसाठी तयार झालेली ही रीत गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या बदकांनाही तशीच लागू पडते, कारण तिला जातीचे नाव लागत नाही, गुणधर्म लागतो. गुणधर्मांच्या आधारे बोलण्याचा मोठा लाभ हाच आहे. आपल्याकडच्या आणि केनियातल्या पाणथळीत सामाईक जाती थोड्या असल्या तरी लांब पायांचे पक्षी खोल पाण्याकडे सरकतात का, हा प्रश्न दोन्हीकडे एकाच भाषेत विचारता येतो.

आपल्या देशात याचे सर्वांत मोठे उदाहरण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या अहवालात पाहायला मिळते. सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवरून ९४२ जातींचा त्यात विचार झाला. केवळ कोणती जात घटली एवढे सांगून तो अहवाल थांबला नाही. पक्ष्यांचे आहार, अधिवास आणि स्थलांतर यांनुसार गट करून त्याने पाहिले, आणि मांसाहारी व कीटकभक्षी पक्षी अधिक वेगाने घटत आहेत, फळे व मध खाणाऱ्यांची स्थिती तुलनेने बरी आहे, माळरानासारख्या उघड्या अधिवासांतले आणि लांबचा प्रवास करून येणारे पक्षी संकटात आहेत, असे चित्र समोर आले. एकेका जातीची घट पाहून कारणाबद्दल अंदाज करावा लागतो. एकाच प्रकारे जगणाऱ्या अनेक जाती एकाच वेळी घटल्या की कारणाकडे बोट दाखवता येते. यातले कितीतरी निरीक्षक नाशिक जिल्ह्यातील असतील. त्यांनी दिलेल्या नोंदी देशाच्या अहवालाला उपयोगी पडतात, पण जिल्ह्यापुरता तसा अभ्यास आपल्याकडे नियमाने व्हावा, ही अपेक्षा अजून अपेक्षाच आहे.

नांदूर मध्यमेश्वरला जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून मान्यता मिळाल्याचे जाहीर झाले. १,४३७ हेक्टरांच्या या स्थळाची जी अधिकृत माहिती रामसर यादीत आहे तीत ५३६ जातींची नोंद आहे आणि पानवेलींचे आक्रमण, शहरीकरण व पाण्याचा उपसा हे धोके म्हणून सांगितले आहेत. पानवेली वाढल्या की पक्ष्यांच्या समुदायाचे काय होते, हा इथला कळीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर गुणधर्मांच्या भाषेत असे असायला हवे की, बुडी मारून किंवा पाण्याचा पृष्ठभाग गाळून खाणाऱ्या बदकांना मोकळे पाणी उरत नाही, तर तरंगत्या पानांवर चालू शकणाऱ्या कमळपक्ष्याला वाव मिळतो. कमळपक्ष्याला हे जमते ते त्याच्या विलक्षण लांब बोटांमुळे. वजन मोठ्या क्षेत्रावर विभागले जाते आणि पान बुडत नाही. आता गंमत नव्हे तर गंभीर अडचण अशी की, ॲव्होनेटमध्ये चोच, नडगी, पंख, शेपटी आणि वजन आहे, पण बोटांची लांबी नाही. जगातल्या सगळ्या पक्ष्यांना सारखीच लागू पडतील अशी मोजमापे निवडताना ती सुटली, आणि त्यात कोणाचा दोष नाही. मात्र आपल्या पाणथळीच्या सर्वांत मोठ्या प्रश्नासाठी नेमके तेच मोजमाप हवे आहे, ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहातील जपलेल्या नमुन्यांवरून घेता येईल, आणि घेतले तर जगातील प्रत्येक पानवेलग्रस्त तळ्याच्या अभ्यासकाला ते उपयोगी पडेल. सामाईक संग्रहातून घेणे आणि सामाईक संग्रहाला देणे या दोन्ही बाजू इथे एकत्र येतात.

माशांची स्थिती याहून बिकट आहे. देवळालीच्या परिसरातून १९३८ मध्ये शास्त्राला ज्ञात झालेला, आणि इंग्रजीत देवळालीच्याच नावाने ओळखला जाणारा ‘पॅराप्सिलोरिंकस प्रेटरी’ हा लहानसा मासा आज अतिसंकटग्रस्त गणला जातो आणि नांदूर मध्यमेश्वरच्या रामसर नोंदीत त्याचा मुद्दाम उल्लेख आहे. पॅराप्सिलोरिंकस या प्रजातीतल्या (जीनस) माशांच्या खालच्या ओठापाशी चूषकासारखी रचना असते, जिच्या आधारे ते वाहत्या पाण्यात दगडाला धरून राहतात. वाहते पाणी अडवले गेले की असा गुणधर्म असलेले मासे आधी जातात, हे सांगायला भविष्यवेत्ता लागत नाही. पण कोणत्या बंधाऱ्याच्या वर आणि खाली अशा माशांचे प्रमाण किती, हे सांगायला स्थानिक नोंद लागते.

वनस्पतींच्या बाबतीत आपला जिल्हा म्हणजे अशा अभ्यासासाठी निसर्गानेच मांडून ठेवलेली प्रयोगशाळा आहे. इगतपुरीला वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि एकाच जिल्ह्यात पूर्वेकडे येवला, नांदगावपर्यंत गेले की तो ५०० ते ६०० मिलिमीटरवर येतो. पश्चिमेला जांभूळ, हिरडा, अंजनी. मध्ये साग, ऐन, धावडा, मोह. पूर्वेला हिवर, बाभूळ, खैर, बोर. रुंद पाने जाऊन बारीक पर्णिका आणि काटे कसे येतात, पान वर्षभर टिकवणारी झाडे जाऊन उन्हाळ्यात निष्पर्ण होणारी कशी वाढतात, हे एका दिवसाच्या बसप्रवासात खिडकीतून दिसते. २००४ मध्ये जगातील १७५ ठिकाणच्या २,५४८ जातींच्या पानांची माहिती एकत्र केल्यावर असे दिसले की पानांचे जगणे एका अक्षावर मांडता येते: एका टोकाला स्वस्तात तयार होणारी, पातळ, झटपट अन्न बनवून लवकर गळणारी पाने, तर दुसऱ्या टोकाला जाड, खर्चिक, दीर्घकाळ टिकणारी पाने. इगतपुरी ते येवला या पट्ट्यात हा अक्ष कसा सरकतो, कुठे अचानक तुटतो, चराई आणि वणव्यामुळे त्यात काय फरक पडतो, यावर आपल्या महाविद्यालयांतून कितीतरी प्रबंध होऊ शकतात.

इथेच सामाईक संग्रहांची मर्यादा मोकळेपणाने सांगितली पाहिजे. २०१६ मध्ये जगातील वनस्पतींचे रूप आणि कार्य यांविषयी झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ४६,०८५ जातींची माहिती वापरली गेली. मात्र त्यांत विचारात घेतलेले सहाच्या सहा गुणधर्म ज्यांचे उपलब्ध होते अशा जाती केवळ २,२१४ निघाल्या. तक्त्याचा बहुतेक भाग मोकळा आहे, आणि मोकळी घरे सगळीकडे सारखी विखुरलेली नाहीत. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या वनस्पती भरभरून मोजल्या गेल्या आहेत, मोसमी पावसाच्या प्रदेशातल्या त्या मानाने फार कमी. झाडांपेक्षा पावसाळी रोपट्यांचे तर आणखीच हाल आहेत. अंजनेरीच्या पठारावर जून ते ऑक्टोबर या काळात उगवून, फुलून, बी धरून नाहीशी होणारी जी वनस्पतिसृष्टी आहे, तिचे जगणे मुख्यतः जमिनीखालच्या कंदावर किंवा कोरड्या बीवर चालते. २००६ मध्ये शास्त्राला ज्ञात झालेले अंजनेरीचे कंदीलपुष्प याच समुदायातले. कंदाचे आकारमान, पहिल्या पावसानंतर किती दिवसांनी कोंब येतो, बीला वाऱ्याने उडवणारा झुपका आहे की नाही, परागीभवन कोण करते, हे गुणधर्म ठाऊक असल्याशिवाय पावसाचे वेळापत्रक बदलले तर यांतले काय टिकेल हे सांगता येणार नाही. येनातील संग्रहात बसून हे कोणी भरून देणार नाही. ते आपणच भरले पाहिजे.

ज्या जाती संग्रहात आहेत त्यांच्याबाबतीतही सावधगिरी हवी. जातीपुढे लिहिलेला आकडा ही सरासरी असते. सुरगाण्याच्या ओल्या खोऱ्यातला साग आणि कोरड्या, खडकाळ उतारावरचा साग यांची पाने शेजारी ठेवून पाहिली तर एकाच जातीत किती फरक पडतो हे लक्षात येईल. अशा वेळी दुसऱ्या देशातल्या लागवडीतून आलेली सागाची सरासरी आपल्या जंगलाला लावणे म्हणजे जो फरक शोधायचा तोच पुसून टाकणे होय. शास्त्रीय नावांचाही गोंधळ होतो. आपला ऐन जुन्या पुस्तकांत टर्मिनालिया टोमेंटोसा, कुठे अलाटा, कुठे क्रेन्युलाटा आणि अलीकडे इलिप्टिका या नावाने आढळतो. दोन तक्ते जोडण्याआधी ही नावे एका प्रमाण यादीशी ताडून घेतली नाहीत तर एकाच झाडाच्या नोंदी चार ठिकाणी विखुरतात. संख्याशास्त्राचाही एक सापळा आहे. प्रत्येक ठिकाणच्या जातींच्या प्रमाणानुसार गुणधर्माची भारित सरासरी काढायची आणि ती थेट पावसाशी किंवा तापमानाशी जोडून संबंध सिद्ध झाला असे म्हणायचे, ही सोपी रीत अनेकदा नसलेला संबंध दाखवते, कारण त्याच जाती अनेक ठिकाणी पुन्हापुन्हा येत असल्याने नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. म्हणून ठिकाणांची अदलाबदल आणि जातींची अदलाबदल अशी दोन्ही प्रकारे चाचणी करून, दोन्हींत संबंध टिकला तरच तो मानायचा, असा आता दंडक आहे. विद्यार्थ्यांना हे शिकवणे अवघड नाही. त्यासाठीची संगणकप्रणालीही विनामूल्य मिळते.

आता शहराकडे वळतो, कारण सिंहस्थाच्या तयारीमुळे झाडांचा प्रश्न नाशिककरांच्या जिव्हाळ्याचा झाला आहे. तपोवनातील वृक्षतोडीच्या प्रस्तावाला शहरातून जो विरोध झाला तो सर्वांनी पाहिला. अशा प्रत्येक वादात शेवटी चर्चा संख्येवर येते: किती तोडणार, किती लावणार. २०२१ मध्ये दुरुस्ती झालेल्या राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्याने तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावण्याची अट घातली, आणि पूर्वीच्या मानाने ती निश्चितच पुढची पायरी आहे. परंतु साठ वर्षांच्या उंबराच्या बदल्यात गिरिपुष्पाची किंवा काशिदाची साठ रोपे लावली तर कायद्याचे पालन झाले तरी समुदायाची भरपाई झाली असे म्हणता येत नाही. उंबराला मांसल फळे येतात, ती वर्षातून अनेकदा येतात, आणि हरियाल, बुलबुल, कोकीळ, वटवाघळे त्यांवर जगतात. गिरिपुष्पाच्या शेंगा तडकून बिया उडवतात. फळावर जगणाऱ्या पक्ष्याला तिथे काहीच नाही. मध्य अमेरिकेतून आलेले हे झाड झपाट्याने वाढते, हवेतील नत्र मातीत आणते, तोडले तरी पुन्हा फुटते, आणि याच गुणधर्मांमुळे ते टेकड्यांवर लावण्यासाठी वर्षानुवर्षे निवडले गेले. याच गुणधर्मांमुळे ते इतरांना जागा देत नाही. लागवडीची यादी ठरवताना जातीच्या नावापुढे फळाचा प्रकार, बहराचा काळ, पान गळण्याचा काळ, लाकडाची घनता आणि पूर्ण वाढीची उंची एवढे पाच रकाने जरी असले, तरी जे तोडले त्याचे काम करणारे काही लावले जाते आहे का, हे कोणत्याही नागरिकाला पाहता येईल. माझी ठाम मागणी आहे की वृक्ष प्राधिकरणापुढे येणाऱ्या प्रत्येक मोठ्या प्रस्तावासोबत असा तक्ता जोडला जावा.

या कायद्यानुसार शहरांत दर पाच वर्षांनी वृक्षगणना अपेक्षित आहे. अशा गणनेतून जातवार, ठिकाणवार मिळणारी माहिती म्हणजे मी वर सांगितलेला पहिला तक्ताच असतो. पण तो संगणकावर उघडून वापरता येईल अशा मूळ स्वरूपात नागरिकांना मिळाला नाही, केवळ एकूण बेरीज जाहीर झाली, तर त्यावर कोणालाच काम करता येत नाही. पक्षीगणनेचेही तसेच. महिन्याची बेरीज बातमीत येते. कोणत्या ठिकाणी कोणती जात किती, त्या दिवशी पाण्याची पातळी काय होती, हे वहीत राहते. केंद्र सरकारने २०१२ मध्येच सार्वजनिक पैशातून तयार झालेली, गोपनीय नसलेली माहिती लोकांना उपलब्ध करून देण्याचे धोरण जाहीर केले आहे. त्यामुळे यासाठी नवा कायदा नको, फक्त इच्छा हवी.

महाविद्यालयांतल्या स्थितीबद्दल मी अधिक कळकळीने लिहितो, कारण माझी नोकरी त्याच क्षेत्रात झाली. वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी केलेले प्रकल्प अहवाल बांधून कपाटात ठेवले जातात. त्यांत त्र्यंबकच्या डोंगरांवरील झाडांच्या पानांची मोजमापे असतात, गंगापूर धरणाच्या काठावरच्या पाणवनस्पतींच्या नोंदी असतात. तोंडी परीक्षा झाली की त्यांचे आयुष्य संपते. एका संस्थेत तर जागा मोकळी करण्यासाठी जुने अहवाल रद्दीत गेल्याचे मी पाहिले आहे, आणि त्याचे दुःख अजून आहे. त्यातले प्रत्येक मोजमाप कोणा विद्यार्थ्याने उन्हात हिंडून घेतलेले होते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने प्रकल्प अहवालासोबत मूळ मोजमापांचा तक्ता, ठिकाण, तारीख आणि मोजण्याची पद्धत यांसह, डिजिटल स्वरूपात जमा करणे बंधनकारक केले, तर पाच वर्षांत पश्चिम महाराष्ट्रातील वनस्पतींच्या गुणधर्मांचा एक उत्तम संग्रह आपोआप उभा राहील. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या विद्यार्थ्यांनाही क्षेत्र प्रकल्प करावा लागतो. त्यांच्यासाठी याहून चांगले काम मला सुचत नाही.

या मोजमापांना महागडी यंत्रे लागत नाहीत. पानांसाठी जगभर एकच पद्धत पाळली जाते: उन्हात वाढलेली, पूर्ण उघडलेली, निरोगी पाने निदान पाच वेगवेगळ्या झाडांवरून घ्यायची, ओल्या कागदात गुंडाळून पिशवीतून आणायची, साध्या स्कॅनरवर क्षेत्रफळ मोजायचे, सुमारे ७० अंश सेल्सियस तापमानाच्या भट्टीत दोन ते तीन दिवस सुकवायची आणि वजन करायचे. क्षेत्रफळाला कोरड्या वजनाने भागले की पानाच्या जगण्याचा सर्वांत बोलका आकडा हाती येतो. असा स्कॅनर, भट्टी आणि अचूक तराजू जिल्ह्यातील बहुतेक विज्ञान महाविद्यालयांत आहेत. पद्धत तीच ठेवली तर हरसूलच्या विद्यार्थ्याने मोजलेले पान ब्राझीलमधल्या पानाशी ताडून पाहता येते. पद्धत मनाने बदलली तर शेजारच्या महाविद्यालयाशीही जुळत नाही.

गावांकडेही असे ज्ञान आहे. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते, आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी या कल्पनेसाठी दीर्घकाळ काम केले. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील कोकणा, महादेव कोळी आणि वारली समाजांतल्या जाणत्या माणसांना कोणते झाड कधी पाने टाकते, कोणत्या कंदाला कधी कोंब येतो, मोहाची फुले वेचायला कोणता प्राणी येतो, हे तपशिलाने ठाऊक असते. हेच ते गुणधर्म. नोंदवहीत उपयोगाच्या रकान्याबरोबर हे रकाने नीट भरले गेले, आणि सांगणाऱ्याच्या संमतीने व त्याला श्रेय देऊन ते सामाईक संग्रहात गेले, तर प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे मोजूनही जे मिळणार नाही ते मिळेल.

श्रेयाचा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. आपण मोजायचे आणि शोधनिबंध दुसऱ्यांनी लिहायचे, ही भीती मी अनेक सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे. पण माहिती कपाटात ठेवल्याने ती आपली राहत नाही, ती नाहीशी होते. संग्रह खुला करताना मोजणाऱ्याचे नाव नोंदीला जोडता येते, संग्रहाला कायमचा क्रमांक घेता येतो आणि वापरणाऱ्याला तो उद्धृत करावाच लागतो. शिवाय सगळेच उघड करायचे नसते. अंजनेरीचे कंदीलपुष्प नेमके कुठल्या कड्यावर आहे, गिधाडांची घरटी कोणत्या कपारीत आहेत, हे कोणीही जाहीर करू नये. तालुक्याचे नाव पुरे. मात्र त्याच्या पानाची जाडी किंवा बीचे वजन सांगितल्याने झाड कुठे आहे हे कोणाला कळत नाही, आणि म्हणूनच दुर्मीळ जातींच्या बाबतीत गुणधर्मांची माहिती निर्धास्तपणे खुली ठेवता येते.

तेव्हा वन विभागाला विनंती अशी की, नांदूर मध्यमेश्वरच्या आजवरच्या मासिक गणनांचे ठिकाणवार, जातवार तक्ते प्रसिद्ध करावेत आणि यापुढे प्रत्येक गणनेच्या दिवशी पाण्याची पातळी, उघड्या चिखलाचा अंदाज व पानवेलींनी व्यापलेला भाग यांचीही नोंद करावी. यासाठी निरीक्षकांना दहा मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाही. महापालिकेला विनंती अशी की, वृक्षगणनेची मूळ माहिती खुली करावी आणि सिंहस्थानिमित्त होणाऱ्या लागवडीच्या यादीत वर सांगितलेले पाच रकाने घालावेत. महाविद्यालयांतील तरुण प्राध्यापकांना विनंती अशी की, इगतपुरी ते येवला या पट्ट्यातील सर्वाधिक आढळणाऱ्या पन्नास झाडांपासून सुरुवात करावी, एकाच पद्धतीने मोजावे आणि एकाच तक्त्यात भरावे. पान सुकवण्यापासून तक्ता जुळवण्यापर्यंतचे प्रशिक्षण द्यायला मी आणि माझ्यासारखे निवृत्त शिक्षक विनामूल्य यायला तयार आहोत; आपल्या दैनिकाच्या कार्यालयामार्फत आमच्याशी संपर्क साधता येईल.

आपला,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक,
गंगापूर रोड, नाशिक